मसाल्याचा हात

बायको गडहिंग्लजला, भाचीच्या पोराच्या बारशाला,
आणि सकाळी वैजूचा फोन :
"आबा, मी येतो दुपारी जेवायला.
तूप नको, दही नको, तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे.
गंगावेशीत तीन पिढ्या दूध घालणाऱ्या घरात
ही पोरगी चहासुद्धा कोरा पिते.

कारणही माहीत आहे.
नववीत होती. चंद्रीचं रेडकू गेलं,
मी रीतीप्रमाणं कातड्यात पेंढा भरला
आणि ते तिच्यासमोर उभं केलं.
चंद्रीनं चाटलं. पान्हा सोडला. चरवी भरली.
वैजू गोठ्याच्या दारात, दप्तर खांद्यावर.
काही बोलली नाही.
रात्री ताटातली दुधाची वाटी बाजूला सरकवली, एवढंच.
मी म्हणलं, वय आहे, जाईल.
बारा वर्षं झाली.

तर भात.
घनसाळ काढला, आजऱ्याचा.
धुताना पाणी तीनदा दुधासारखं झालं,
तीनदा ओतून दिलं.
कपिलतीर्थातनं तोंडली आणली, काटेरी वांगी,
मटार शेंगांतलाच, सोललेला नको म्हणलं.
भाजीवाली हसली, "आज तुम्ही? वहिनी रुसल्या काय?"
शेजारणीनं गोडा मसाला पुढं केला.
नको. भात मसाल्याचा आहे, पुण्याचा नाही.
आमची चटणी आहे डब्यात, मे महिन्यातली,
कांदा-लसणाची, बोट बुडवलं की चार दिवस लाल.

घाण्याचं शेंगतेल, मोहरी, हिंग,
कढीपत्ता टाकताच मी दोन पावलं मागं.
तोंडली उभी चिरायची होती, ती वाकडी झाली.
बायकोला फोन, "पाणी किती?"
"दुप्पट. आणि झाकण सारखं उचलू नका,
तुमची सवय आहे."

अडलं ते शेवटी.
भातावर वरून सोडायचं काय?
हात आपसूक तुपाच्या बरणीकडं गेला,
झाकणापर्यंत गेला.
मग नारळ फोडला.
खवला, कोमट पाण्यात भिजवला, फडक्यात बांधला
आणि पिळला.
चाळीस वर्षांची तीच मूठ, वरून खाली, वरून खाली.
पांढरी धार पातेल्यात पडली,
आवाजसुद्धा तसाच.
फक्त समोर काही उभं करावं लागलं नाही.

वैजू आली, चपला काढता काढता म्हणली,
"आबा, खाली लागलंय."
लागलं होतं, जरा.
तिनं आधी तेच खाल्लं, उलथनं घेऊन, उभ्यानं,
लहानपणी दुधाच्या पातेल्याची खरवड खायची तसं.
मग ताटावर बसली. तोंडली शोधून शोधून खाल्ली.
नाक लाल, डोळ्यांत पाणी.
"लई तिखट झालंय."
"कोल्हापूर आहे."
"हे पांढरं काय घातलंय?"
सांगितलं. कसं पिळलं तेही, मूठ करून.
ती मुठीकडं बघत राहिली,
मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
रेडकाचं कुणीच काढलं नाही.

साडेपाचला कट्ट्यावर गिऱ्हाईक उभं.
साबण लावला, चिंच लावली, राख लावली,
चटणी नखांतनं निघेना.
असल्या हातानं आचळ धरलं तर म्हैस लाथ घालील,
आणि घालावीच.
इंद्रजितला फोन लावला, भाच्याला :
"आजची धार तू काढ."
"काय झालं मामा, हात दुखतोय?"
"भात केलाय," म्हणलं.
तो थांबला. पुढं काय विचारावं त्याला कळेना.

आत वैजू
पातेल्याच्या तळाशी चिकटलेलं
अजून खरवडत होती.